शिकव ना तू आता

"तू आता नव्या पोरांना शिकव ना," असं आमच्या ढोल-ताशा पथकातला बाळ्या इतक्या प्रेमाने म्हणाला की भांडायलाही जागा राहिली नाही. वर आणखी, "तुझ्याइतकं नीट समजावून सांगायला कोणाला जमतं?" बाकीचे माना डोलवत होते, मीही डोलावली. घरी येऊन गाडीतून ताशा उतरवताना लक्षात आलं, अरे, आपल्याला काढलं की काय!

हिला सांगितलं तर म्हणाली, "बरंच झालं की. तुझं मनगट..." आणि कुकर बंद करायला गेली. मनगटाचा विषय मला नकोच आहे.

मला टोचतंय ते कौतुक. 'तुला जमत नाही' म्हणाले असते तर चार दिवस चिडलो असतो आणि सोडून दिलं असतं. 'तुझं डोकं चांगलं चालतं' म्हणून बाजूला बसवलं की चिडायचं कोणावर?

डोक्यावरून सारखा केलन मूर आठवतोय. अमेरिकन फुटबॉलमधला, आमच्या डॅलसच्या काउबॉईज संघाचा एकेकाळचा बदली क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. कॉलेजात, म्हणजे बॉयसी स्टेटच्या त्या निळ्या मैदानावर, हा डावखुरा राजा होता. 53 सामने, 50 विजय. जे तीन हरले ते एक, तीन आणि एक गुणाने. सगळं मिळून पाच गुण. एवढं करून 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात तिथे, सातही फेऱ्यांत त्याचं नाव कोणी घेतलं नाही. उंची जेमतेम सहा फूट, फेक मऊ. डेट्रॉइटने नंतर घेतलं आणि तीन मोसम बसवून ठेवलं. त्याच्याबद्दल कोणी चांगलं बोललं की ते डोक्याबद्दलच असायचं. वडील प्रॉसर नावाच्या गावात शाळेच्या संघाचे कोच, म्हणजे पोरगा त्यातच वाढलेला. हेही लोक कौतुकानेच सांगत. त्याला तेव्हा कसं वाटत असेल, हे मला परवापर्यंत सुचलंही नव्हतं.

त्याला मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय. मी टेक्सासला नवा होतो, 3 जानेवारी 2016, वॉशिंग्टनविरुद्ध मोसमातला शेवटचा सामना. काउबॉईज केव्हाच बाहेर गेले होते, पहिला क्वार्टरबॅक टोनी रोमो जखमी, म्हणून ऑफिसातल्या एकाने तिकीट असंच देऊन टाकलं. निम्मे नियम कळत नव्हते. मूरने 435 यार्ड फेकले, तीन टचडाउन केले आणि आम्ही 34-23 हरलो. एनएफएलच्या, म्हणजे या व्यावसायिक लीगच्या, मोसमातला तो त्याचा शेवटचा सामना. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यालाही नसणार. ऑगस्टमध्ये सरावात पाय मोडला. त्याच महिन्यात रोमोची पाठ गेली आणि तिसऱ्या नंबरवरचा नवखा डॅक प्रेस्कॉट मैदानात उतरला. त्या मोसमात 16 पैकी 13 सामने जिंकून दिले त्याने. मूरचा पाय बरा झाला, पण जागा कुठे उरली होती? 2018 मध्ये त्याला क्वार्टरबॅक्सचा कोच केलं. शिकवायचं कोणाला? डॅकला.

इथे मी अडतो. ज्याच्या वाट्याला आपला मोडलेला पाय नशीब म्हणून आला, त्याच्याशेजारी बसून त्याला व्हिडिओ दाखवायचे, पाय कुठे टाक ते सांगायचं. गेल्या वर्षी माझ्या जागी लीडला उभी राहिलेली पोरगी सोळा वर्षांची आहे. ताशावर तर्री, म्हणजे तो सलग कडकडाट, काय काढते! तिला मी शिकवायचं. काय शिकवायचं? थांबायचं कसं, हे कदाचित. ते मात्र तिला येत नाही.

पुढच्याच वर्षी, तिशीत, मूर अख्ख्या आक्रमणाचा सूत्रधार झाला. त्या मोसमात डॅकने 4902 यार्ड फेकले. रोमोचा क्लबचा विक्रम 4903. एका यार्डाने हुकला! आक्रमणात संघ लीगमध्ये पहिला, आणि सामने आठ जिंकले, आठ हरले. म्हणजे शिकवून सगळं काही होत नाही, हे ऐकून मला बरं का वाटावं, ते जाऊ दे. पुढे तो फिलाडेल्फियात गेला, फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि लगेच न्यू ऑर्लिन्सचा मुख्य कोच झाला.

रात्री झोप येईना म्हणून कोच झालेले क्वार्टरबॅक आठवत बसलो. जेसन गॅरेट, ट्रॉय एकमनचा बदली. गॅरी क्युबियाक, जॉन एल्वेचा बदली. डेन्व्हरचा कोच म्हणून सुपर बोल जिंकला तेव्हाही वर साहेब एल्वेच. डग पीडरसन, ब्रेट फार्व्हचा बदली. सगळे बाकावरचे! बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ वर्षानुवर्षं पाहिला की तो सांगता येत असावा. उलट बार्ट स्टार. पहिले दोन्ही सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक, आणि त्याच ग्रीन बेचा नऊ वर्षं कोच असताना 52 विजय, 76 पराभव.

म्हणजे मी बदली होतो म्हणून मला शिकवायला लावलं, असं दुःख करत बसावं म्हटलं तर तेही जमत नाही. मी लीड होतो. या हिशोबाने मी बार्ट स्टार होणार आणि मिरवणुकीत पथकाचा बोऱ्या वाजणार. हे सुचल्यावर अंधारात एकटाच हसलो. ही म्हणाली, झोप.

एक गोष्ट मात्र मला त्या खेळातली आवडते. 1994 पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण त्या खेळीच्या घड्याळात 15 सेकंद उरले की बंद. पुढे काय दिसतंय ते त्याने बघायचं, कोचने फक्त बघत राहायचं. आमच्या मिरवणुकीत असलं यंत्र नाही. मी दोरीपलीकडून ओरडत राहणार आणि चाळीस ढोलांत कोणाला ऐकू जाणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय.

आज ताशाचे सगळे हात, म्हणजे वाजवायचे ठेके, वहीत उतरवायला बसलो. पहिले दोन सरळ गेले. तिसरा लिहिताच येईना. ताशा गळ्यात अडकवून गॅरेजमध्ये वाजवला, तरी वाजवतो एक आणि लिहितो भलतंच. मग धाकटीला समोर उभं करून दोन पट्ट्या हातात दिल्या, म्हटलं, कर मी करतो तसं. तिने पटकन केलं. मी डावखुरा, ती उजवी. समोरासमोर उभं राहिलं की मी तिला आरशासारखा दिसतो. इतकी वर्षं पथकात माझा डावा हात सगळ्यांना आडवा येत होता, बाळ्याच्या ढोलाच्या टिपरूला तर हमखास लागायचा. शिकवायला तो सोयीचा निघाला. आता हे बाळ्याला सांगितलं तर म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? म्हणून अजून सांगितलेलं नाही.