दुसरी पानगळ

युक्रेनमधल्या ल्व्हिवहून द्रोहोबिचला जायला दोन वाटा. एक रडतखडत जाणारी लोकल गाडी आणि दुसरी मार्श्रुत्का. मार्श्रुत्का म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या भाषेत वडाप. फरक एवढाच की मागच्या सीटवरचा माणूस पैसे पुढच्याच्या हातात देतो, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत पोचतात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. मध्ये कुणाच्या खिशात काही राहत नाही. १९ नोव्हेंबर २००५ला, शनिवारी, मी पहिल्यांदा त्या गाडीत बसले ती निव्वळ हमाल म्हणून. आमच्या घरमालकीणबाईंची पिशवी जड होती आणि त्यांचे गुडघे कुरकुरत होते.

मी ल्व्हिवला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. तिकडे बाईमाणसाला आदराने ‘पानी’ म्हणतात. सुरुवातीचे काही महिने ‘पानी, पानी’ करताना मला उगाचच तहान लागल्यासारखं व्हायचं. मग मी त्यांना सरळ ‘बाबुस्या’, म्हणजे आजी, म्हणायला लागले. आजी जन्माने द्रोहोबिचची. आई पोलिश, वडील युक्रेनियन. त्यांचे एक मामा गावच्या शाळेत ज्या मास्तरांकडे चित्रकला शिकले, त्या मास्तरांच्या पुण्यतिथीला आम्ही निघालो होतो. पुण्यतिथी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं ते आपलं नेहमीचं: हार घातलेला फोटो, शाल-श्रीफळ आणि तासभर उशिरा येणारे प्रमुख पाहुणे. पिशवीत मात्र रंगीत काचेच्या बरण्यांतल्या झाकणवाल्या सहा मेणबत्त्या, चहाचा थर्मास आणि खसखस भरलेले गोड पाव होते.

मास्तरांचं नाव ब्रुनो शुल्झ. जन्म १८९२चा, द्रोहोबिचच्या कापड दुकानदाराच्या घरातला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. पुढे ते पोलंडमध्ये गेलं, १९३९ला सोव्हिएत आले, १९४१ला जर्मन आले. आज ते युक्रेनमध्ये आहे. माणसाने गाव सोडलं नाही, देशच येऊन-जाऊन होते. शुल्झ जन्माने ज्यू, लिहायचा पोलिशमध्ये, पोटासाठी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायचा. त्याची कथांची दोनच पुस्तकं निघाली. ‘दालचिनीची दुकानं’ हे १९३३च्या अखेरीस आलं आणि घड्याळाच्या नावाच्या आरोग्यधामावरचं दुसरं १९३७ला. ‘मसीहा’ नावाची कादंबरी तो लिहीत होता, ती हरवली ती हरवलीच. चित्रं बरीच काढली, पण तैलचित्र म्हणाल तर एकच शिल्लक आहे.

गावाबद्दल तिकडे एक म्हण आहे, ती मला आजींनी गाडीतच सांगितली. द्रोहोबिच म्हणजे दीड गाव: अर्धं पोलिश, अर्धं युक्रेनियन, अर्धं ज्यू. आपल्याकडे दीड म्हटलं की पुढे शहाणाच येतो, पण इथे हिशेब खरा होता. त्यातलं एक अर्धं पुसलं गेलं. युद्धाआधी गावात पंधरा हजारांच्या आसपास ज्यू होते, युद्ध संपलं तेव्हा चारशेच्या आसपास उरले होते. जवळच्या ब्रोनित्साच्या जंगलात अकरा हजारांवर माणसं गोळ्या घालून पुरली आहेत.

कार्यक्रम होता एका कोपऱ्यावर. अक्षरशः गल्लीचा कोपरा. मंडप नाही, माइक नाही. ओल्या पानांचा फुटपाथवर चिखल झालेला, वर पावसाळी आभाळ, आणि तीस-चाळीस माणसं टोप्या कानावर ओढून उभी. विद्यापीठातले प्राध्यापक, विद्यार्थी, पोलंडहून आलेले पाचसहा जण, पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या. एक कॅथलिक पाद्री, एक ग्रीक कॅथलिक, एक ऑर्थोडॉक्स. ते आळीपाळीने प्रार्थना म्हणाले, शेवटी कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची ज्यू प्रार्थना, झाली. नंतर एकेकाने पुढे होऊन आपली मेणबत्ती जमिनीवर ठेवली. आजींच्या सहाही मेणबत्त्या मी वाकून लावल्या. वाऱ्याने चार वेळा काडी विझली, तेव्हा शेजारच्या पाद्रीबाबांनी आपला झगा आडोशाला धरला.

का तिथेच, ते मला परतीच्या वाटेवर कळलं. जर्मनांच्या काळात फेलिक्स लांडाऊ नावाच्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, अधिकाऱ्याला शुल्झची चित्रं आवडली. ‘माझा ज्यू’ म्हणून त्याने त्याला हाताशी ठेवला आणि आपल्या बंगल्यात मुलांच्या खोलीच्या भिंतींवर परीकथा रंगवून घेतल्या. बदल्यात भाकरी आणि थोडे दिवस जिवंत राहण्याची मुभा. दरम्यान लांडाऊने दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या, कार्ल ग्युंथरच्या, ‘मर्जीतल्या’ ज्यू दातांच्या डॉक्टरला मारलं होतं. १९ नोव्हेंबर १९४२, गुरुवार. त्या दिवशी रस्त्यात दिसेल त्या ज्यूवर गोळ्या झाडल्या गेल्या, गाव त्याला अजून काळा गुरुवार म्हणतं. ग्युंथरने शुल्झला त्या कोपऱ्यावर गाठलं आणि डोक्यात गोळी घातली. तू माझा मारलास, मी तुझा मारला, अशी फिटंफाट. शुल्झकडे वॉर्साहून मित्रांनी पाठवलेली खोटी कागदपत्रं तयार होती, तो निसटण्याच्या बेतात होता. पाव आणायला बाहेर पडला होता असं सांगतात. एका मित्राने रात्री त्याला जुन्या ज्यू दफनभूमीत पुरलं. ती दफनभूमीही आता नाही, तिच्यावर इमारती आहेत. म्हणून मेणबत्ती ठेवायला जागा उरली ती हीच. नंतरच्या काळात तिथे फुटपाथमध्ये पाटी बसवली आहे.

या स्मरणदिनाचं नाव ‘दुसरी पानगळ’. ते त्याच्याच एका कथेचं नाव. त्या कथेतल्या बाबांचा एक भन्नाट सिद्धांत आहे: त्यांच्या मुलखाला नेहमीची पानगळ सरल्यावर आणखी एक, जादाची, रंगीत पानगळ लागते, कारण संग्रहालयात कुजत पडलेल्या जुन्या कलेची वाफ हवेत मिसळते. हे नाव ज्याला सुचलं त्याला मी मनापासून दाद देते. दिवस भरवायचं विद्यापीठातलं पोलिश अभ्यास केंद्र. ते इहोर आणि व्हेरा मेन्योक या जोडप्याने चालवलं होतं. २००४ला त्यांनी शुल्झच्या नावाने दर दोन वर्षांनी भरणारा आंतरराष्ट्रीय महोत्सवही सुरू केला. मी पहिल्यांदा गेले त्याच वर्षी इहोर वारले होते. व्हेराबाईंनी पुढे दोन्ही चालू ठेवलं. महोत्सव मोठा, नाटकं, परिसंवाद, देशोदेशीचे अनुवादक. मला खरं सांगायचं तर १९ नोव्हेंबरचा हा लहानसा दिवसच जास्त आवडायचा. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

प्रार्थना झाली की मंडळी शाळेत जायची. शुल्झची जुनी शाळा आता विद्यापीठाची इमारत आहे. तिथे त्याची म्हणून एक खोली आहे, संग्रहालय म्हणावं तर फारच छोटं. पंधरा माणसं आत शिरली की सोळाव्याने दारातूनच मान आत घालायची. ओल्या कोटांचा वास, भिंतीवर चित्रांच्या प्रती, आणि थर्मासांची झाकणं उघडल्याचे आवाज. आपल्याकडे स्नेहसंमेलनाला ग्रीनरूममध्ये जसा गोतावळा जमतो ना, तसंच.

तिथेच मी आल्फ्रेड श्रायरना ऐकलं. १९२२चा जन्म, शुल्झचे विद्यार्थी. छावण्यांतून जगून परत आले आणि गावातच राहिले, आयुष्यभर संगीत केलं. युद्धाआधीच्या द्रोहोबिचमधले गावात उरलेले ते शेवटचे ज्यू. ताठ बसायचे, टाय कधी चुकला नाही. ते सांगायचे की सर बुजरे होते, पोरं हस्तकलेच्या तासाला दंगा करायची, मग सर गोष्ट सांगायला लागायचे आणि करवतीसुद्धा थांबायच्या. एवढं सांगून ते गायचे. यिद्दिश, म्हणजे तिकडच्या ज्यूंच्या भाषेतलं गाणं, मग पोलिश, मग युक्रेनियन. दीड गाव एका गळ्यात, आजी माझ्या कानात कुजबुजल्या.

भांडणंही व्हायची, ती सांगितली नाहीत तर लेख खोटा होईल. लांडाऊच्या बंगल्यातली ती भिंतीवरची चित्रं सगळे गेलीच म्हणून धरून चालले होते. फेब्रुवारी २००१मध्ये बेन्यामिन गाइस्लर नावाच्या जर्मन माहितीपटकाराला ती सापडली. कुठे, तर एका वृद्ध जोडप्याच्या कोठीच्या खोलीत. फळ्या आणि बरण्यांमागे, रंगाच्या थराखाली राजकन्या, बुटके, आणि घोडागाडी हाकणारा गाडीवान. गाडीवानाचा चेहरा चित्रकाराचाच आहे म्हणतात. ज्याला गाडीत बसायला, रस्त्याने मोकळं चालायला बंदी, त्याने स्वतःच्या हातात लगाम दिला. मे महिन्यात याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या जेरुसलेममधल्या स्मारकाची माणसं आली आणि पाच तुकडे भिंतीवरून उतरवून घेऊन गेली. केवढा गदारोळ झाला! ज्यू म्हणून मारलेल्या माणसाचं काम ज्यूंच्या स्मारकात जावं, हा त्यांचा मुद्दा. गावकऱ्याचं काम गावात राहावं, हा इकडचा. शेवटी २००८ला करार झाला: मालकी युक्रेनची, तुकडे जेरुसलेममध्ये दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. उरलेले तुकडे द्रोहोबिचच्या संग्रहालयात आहेत. माझं विचाराल तर ते न विचारता नेणं मला आजही पटत नाही. पण आजींचं म्हणणं वेगळं होतं. “साठ वर्षं आम्ही त्याच्यासमोर लोणची ठेवली,” त्या म्हणाल्या, “आता कुठल्या तोंडाने मागायचं?” सोव्हिएत काळात त्याचं नाव गावात कुणी घेत नव्हतं. यावर मला उत्तर सुचलं नाही.

२००७च्या दिवसाला मला वाचायला सांगितलं. तिकडची रीत अशी की त्याचा एखादा परिच्छेद जमलेल्यांपैकी ज्याला जी भाषा येते तिच्यात वाचायचा. पोलिश, युक्रेनियन, जर्मन दरवर्षीचे. मी ‘ऑगस्ट’ या कथेची सुरुवात मराठीत करायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला अडले. त्याचा ऑगस्ट म्हणजे डोळे दिपवणारं पांढरं ऊन, भट्टी. आमचा ऑगस्ट म्हणजे श्रावण, पंचगंगेचं पाणी वाढलेलं आणि दोरीवर तीन दिवस न वाळलेले कपडे. मनात म्हटलं, नाव ‘वैशाख’च ठेवावं. कामवाली अडेला बाजारातून येते आणि टोपलीतून चेरी, जर्दाळू ओतते. चेरीला मराठी नाही. जर्दाळू म्हटलं की आमच्याकडे दिवाळीच्या डब्यातला सुकलेला, सुरकुतलेला तुकडा, आणि त्याचा तर रसाने फुटायला आलेला. शेवटी चेरीच्या जागी करवंदं घातली. अनुवादकांनी क्षमा करावी.

नेमका त्या दिवशी पाऊस लागला आणि माझा कागद खिशात भिजून लगदा झाला. अर्धं आठवलं तेवढं म्हटलं, मग गप्प. काहीतरी बोलायचं म्हणून मोडक्या युक्रेनियनमध्ये सांगितलं की तुमच्या सरांनी एका कथेत लिहिलंय ना, वर्षाला कधीकधी चुकून तेरावा महिना फुटतो, तो आमच्या पंचांगात खरोखर असतो. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. यंदाच येऊन गेला, अधिक ज्येष्ठ. आम्ही त्याला धोंड्याचा महिना म्हणतो आणि जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालतो. खोलीत आधी शांतता, मग हशा. दाराशी उभे असलेले एक वयस्क ज्यू पाहुणे पुढे आले. आमच्यातही आहे, म्हणाले. अदार महिना काही वर्षी दोनदा येतो, येत्या वसंताआधी दोन अदार आहेत. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला, मी माझ्या बोटांवर. चंद्राचं वर्ष सूर्याच्या मागे किती दिवस पडतं यावर द्रोहोबिचच्या त्या खोलीत आम्ही दोघं पाव खात वीस मिनिटं बोललो. तेराव्या महिन्याला मी तोवर लेखकाची लहर समजत होते.

त्याच दिवशी पोलंडहून आलेल्या एका बाईंनी गाव विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्या ओरडल्याच, “वळिवडे!” सोव्हिएतांनी याच पूर्वेकडच्या मुलखातून सैबेरियाला हाकललेले पोलिश लोक फिरत फिरत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले होते, १९४३ ते १९४८, पाचेक हजार माणसं. आमचे आजोबा तिथे दूध घालायचे. मी हे सांगितलं तर बाईंनी माझा गालगुच्चा घेतला, जणू दूध मीच घातलं होतं.

शेवटचं गेले ते २००९ला. १९ नोव्हेंबर त्या वर्षी गुरुवारीच आला होता. कुणी त्यावर बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. आजींनी सहाऐवजी सात मेणबत्त्या आणल्या होत्या. मी कारण विचारलं नाही.

नंतरच्या बातम्या तुकड्यातुकड्याने येत गेल्या. २०१५ला श्रायर गेले. आम्ही जायचो तेव्हा मोडकळीला आलेलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, दुरुस्त होऊन २०१८ला उघडलं. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने हल्ला केला आणि आमच्या भागातली मेडिकलची मुलं ल्व्हिवच्या स्टेशनवर अडकली होती, तेव्हा मी आणि आजींची नात रात्ररात्र फोनवर होतो. आजींनी तीन पोरांना घरात झोपवलं आणि खसखशीचे पाव देऊन पोलंडच्या सीमेकडे रवाना केलं.

२०२३ला अधिक श्रावण आला. मी अनारशांच्या ताटाचा फोटो नातीला पाठवला, आजीला दाखव म्हणून. संध्याकाळी आजींचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. वय सत्त्याऐंशी, आवाज खरखरीत. “दितिनो (म्हणजे पोरी), तुमचा तेरावा लागला वाटतं. जाळीदार झालेत. इथे मेणबत्त्या महागल्यात, मी आत्ताच आणून ठेवते.”