एका शीटवर दोन वेली

दिवाळीनंतर एम.एस्सी.ची मुलं कन्नडच्या घाटाकडच्या बांधांवरून वेली गोळा करून आणतात आणि आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळखण्याचा हंगाम सुरू होतो. या वर्षी एक मुलगी शीट, म्हणजे कागदावर चिकटवलेला वाळका नमुना, घेऊन आली ती जरा घाईतच. "सर, ही रिंकोशिया मिनिमा, ती बांधावरची रानवेल, धरली होती. पण एका शेंगेत दोन बिया निघतात आणि दुसरीत पाच. नवीन जात असंल का?"

नवीन जात हा शब्द ऐकला की मी आधी चहा सांगतो.

तिचा घोळ मात्र खरा होता. तीन पर्णिकांचं पान, पिवळी फुलं, पानाखाली बारीक पिवळसर ग्रंथींचे ठिपके. हे सगळं रिंकोशियात असतं आणि तुरीच्या कजानस प्रजातीतही (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही बांधावर एकाच गवतात. फरक लागतो तो अंडाशयात: रिंकोशियात बीजांडं, म्हणजे ज्यांच्या पुढे बिया होतात ती, एक किंवा दोन, कजानसात तीन किंवा जास्त. सुकलेलं एक फूल गरम पाण्यात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली सुईने उघडलं. बीजांडं दोनच. मग पाच बियांची शेंग आली कुठून?

शीट ओली करून मी खोडामागे बोट फिरवत गेलो. खाली एकच वाटणारी दोरी वर दोन निघाली. एकीला लांब, विरळ फुलोरे, पर्णिका जवळजवळ चौकटच्या पत्त्यासारख्या, शेंग छोटी, कोयत्यासारखी वाकलेली. ही रिंकोशिया. दुसरीची फुलं पानाच्या बगलेत आखूड झुपक्यात, पर्णिकेवर तीन ठळक शिरा, शेंग दाट लवेची आणि दोन बियांच्या मध्ये आडवी दबलेली. म्हणजे रानतूर, कजानस स्कॅराबेओइडिस. तोडताना दोन्ही वेली एकाच मुठीत आल्या होत्या.

मिश्र नमुना ही हर्बेरियममधली, म्हणजे वाळक्या नमुन्यांच्या संग्रहातली, जुनी डोकेदुखी. भोळा माणूस अशा शीटवरून अख्खं वर्णन लिहून मोकळा होतो.

तिने कपाटातली रानतुरीची जुनी शीट ताडून पाहिली. तिथे नाव अ‍ॅटिलोसिया. ते चूक नव्हे, जुनं. वाइट आणि आर्नॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1834 मध्ये ही प्रजाती वेगळी काढली होती. रानटी जातींच्या बीवर नाभीपाशी, म्हणजे बी शेंगेला जोडलेलं असतं तिथे, ठळक गाठ असते, लागवडीच्या तुरीत ती सहसा नसते, हा तिचा मोठा आधार. पण यातल्या काही जातींचा तुरीशी संकर होतो, गुणसूत्रं दोन्हीकडे 22, आणि ती गाठ एवढा भार पेलेना. 1986 मध्ये व्हॅन डर मेसन यांनी अ‍ॅटिलोसिया कजानसात विलीन केली, एकूण 32 जाती. गंमत अशी की आपल्या रानतुरीला तुआर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1817 मध्येच कजानस म्हटलं होतं. मला हा निर्णय पटतो. माणसाने पेरून निवडलेल्या एका झाडासाठी वेगळं घर कशाला?

मुलीचं लक्ष मात्र शेंगेवरच्या लवेकडे होतं. तिच्या घरी तूर असते. "सर, रानतुरीवर शेंगा पोखरणारी घाटेअळी कमी येते म्हणतात ना?" येते कमी, त्या दाट लवेमुळे. "मग आमच्या तुरीत का नाही आणत?" प्रयत्न चालू आहेत, म्हटलं. पण त्या लवेबरोबर बारीक दाणा येतो, वेलीसारखं पसरणं येतं आणि वाळली की तडकणारी शेंगही येते. ते सगळं गाळून फक्त लव ठेवायला पिढ्यामागून पिढ्या संकर करत बसावं लागतं.

"म्हणजे तोवर फवाराच," ती म्हणाली आणि दुसऱ्या शीटसाठी नवं लेबल कापायला बसली.