बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि सोळा व्होल्टचा कपॅसिटर

काही वर्षांपूर्वी मी घरच्या टेबलावर वापरण्यासाठी एक साधा पॉवर सप्लाय बांधला होता. १२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवणारा चार डायोडचा ब्रिज आणि त्यापुढे वीज साठवून व्होल्टेज सपाट करणारा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढेच त्यात होते. बारापेक्षा सोळा मोठे, म्हणजे चार व्होल्टची सवड आहे, असे मी धरून चाललो होतो. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा कपॅसिटरचा सपाट माथा फुगलेला होता, आणि भार न जोडता मल्टिमीटर लावला तर त्याच्या टोकांवर १९.६ व्होल्ट दिसले.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ व्होल्ट हे आरएमएस मूल्य, म्हणजे सतत वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजची एक प्रकारची सरासरी असते, आणि तेही पूर्ण भारावरचे. कपॅसिटर मात्र लहरीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणजे १.४१४ पट, सुमारे १७ व्होल्टपर्यंत. ब्रिजमधल्या दोन डायोडवर पडणारे व्होल्टेज वजा केले तरी साडेपंधरा उरतातच. लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना वीस-पंचवीस टक्के जास्त व्होल्टेज देतात, आणि घरातली वीजही नेहमी नेमकी २३० व्होल्ट नसते. हे सगळे जमेस धरले की १६ व्होल्टच्या कपॅसिटरला तेथे जागाच उरत नाही. आता मी अशा ठिकाणी किमान २५ व्होल्टचा आणि पेटीत मावत असेल तर ३५ व्होल्टचा कपॅसिटर घालतो.

ही मर्यादा येते कोठून, हे समजून घेण्यासारखे आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये दोन वाहकांना वेगळे ठेवणारा पडदा म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर विजेच्याच साहाय्याने वाढवलेला ऑक्साइडचा थर. एका व्होल्टमागे या थराची जाडी सुमारे सव्वा ते दीड नॅनोमीटर असते. जास्त व्होल्टेज सोसायचे तर थर जाड हवा, आणि थर जाड झाला की तेवढ्याच क्षेत्रफळात धारकता, म्हणजे मायक्रोफॅरडमध्ये मोजली जाणारी साठवणक्षमता, कमी होते. म्हणूनच त्याच मायक्रोफॅरडचा पण जास्त व्होल्टचा कपॅसिटर आकाराने मोठा असतो. मर्यादेपलीकडे गेल्यावर थरातून गळणारा प्रवाह वाढतो, आतला द्रव तापतो, वायू तयार होतो आणि माथा फुगतो. माथ्यावरच्या खाचा हा वायू स्फोटाविना बाहेर पडावा म्हणूनच केलेल्या असतात.

याउलट, ६३ व्होल्टचा कपॅसिटर १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये लावला तर त्यात ६३ व्होल्ट साठत नाहीत. तो बारापर्यंतच भरतो. छापलेला आकडा सहनशक्तीचा आहे. साठलेली ऊर्जा प्रत्यक्ष व्होल्टेजवर ठरते, आणि तीही त्याच्या वर्गाच्या प्रमाणात: धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन.

या वर्गाचा अर्थ मला जुन्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारी पेटी, उघडताना नीट कळला. माझ्या पॉवर सप्लायमधला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १५ व्होल्टवर जेमतेम ०.११ ज्यूल साठवतो. एसएमपीएसमध्ये ४७० मायक्रोफॅरड, २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले होते, म्हणजे मिळून २३५ मायक्रोफॅरड. पण ते घरातल्या २३० व्होल्टच्या शिखरापर्यंत, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतात आणि १२.४ ज्यूल साठवतात. धारकता चौथाईहूनही कमी, ऊर्जा मात्र सुमारे ११० पट.

केवळ ज्यूल पाहूनही धोका कळत नाही. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर ५ व्होल्टवर भरला तर त्यातही साडेबारा ज्यूलच असतात, तरी त्याच्या टोकांना कोरडे बोट लागले तर काही जाणवत नाही, कारण ५ व्होल्ट त्वचेच्या रोधातून घातक प्रवाह ढकलू शकत नाहीत. ३२५ व्होल्ट ढकलू शकतात, आणि तो धक्का जिवावर बेतू शकतो. प्लग काढल्यानंतरही हा धोका टिकून असतो, कारण साठा हळूहळू रिकामा (डिस्चार्ज) करणारा आतला रेझिस्टर तुटलेला असू शकतो.

स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून डिस्चार्ज करण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही; सगळी ऊर्जा क्षणात बाहेर पडते, धातूचे कण उडतात आणि कपॅसिटरही दुखावतो. मी १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी, एक हात मागे ठेवून, दोन कपॅसिटरच्या बाहेरच्या टोकांवर जोडतो. २३५ मायक्रोफॅरडसाठी टाइम कॉन्स्टंट, म्हणजे व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ, २.३५ सेकंद येतो, त्यामुळे बारा सेकंदांत व्होल्टेज मूळच्या एका टक्क्याच्याही खाली जाते. तरी मी अर्धा मिनिट थांबतो आणि मग प्रत्येक कपॅसिटरवर मीटर लावतो. रेझिस्टर काढल्यावर आकडा हळूहळू पुन्हा काही व्होल्ट चढताना दिसतो, कारण पडद्यात मुरलेला थोडा विद्युत प्रभार सावकाश बाहेर येतो. म्हणून काम संपेपर्यंत मी तो रेझिस्टर जागेवरच ठेवतो.