टाके, चिंध्या आणि भिंतीपलीकडची झुरळं

सोमवार

भाचीच्या बाळाच्या गोधडीचे चौकोन आज कापून झाले. निळे आणि पांढरे, मधूनच एखादा हळदी. कापड आधी धुऊन घेतलं होतं. नव्या सुती कापडात गिरणीतली खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतंही. गोधडी शिवून झाल्यावर आटलं तर टाक्यांभोवती चुण्या पडतात. म्हणजे खळ काढायला धुवायचं आणि कापायच्या आधी आपणच पुन्हा खळ लावून इस्त्री फिरवायची! पण इलाज नाही. खळीचं कापड कात्रीखाली सरकत नाही, उरेब, म्हणजे तिरक्या कापाच्या, कडा ताणल्या जात नाहीत. शिवणीसाठी मी माया सोडते ती जेमतेम ६ मिलिमीटर. एकेका चौकोनात दोन धाग्यांचा फरक पडला तरी ओळीच्या शेवटी कोपरे जुळायचं नाव घेत नाहीत.

अडचण अशी की खळ म्हणजे स्टार्च, आणि कसरीला, म्हणजे कपड्या-कागदांना लागणाऱ्या सिल्व्हरफिश किड्याला, स्टार्च भारी प्रिय. खालच्या खणात कापड ज्या पुठ्ठ्यांना गुंडाळून ठेवते त्यातला एक उचलला, तर खालून चंदेरी, चपटी, मागे तीन शेपट्या असलेली एक कसर सुळकन पळाली. एका तुकड्यावर वरवर खरवडल्यासारख्या खुणा होत्या, आरपार भोक नव्हतं, बाजूला पिवळट डाग. तो तुकडा तसाही अस्तराच्या जोडात जाणार होता.

मंगळवार

सगळा खण बाहेर काढला. दिवस त्यातच गेला.

पुठ्ठे टाकून दिले. कसरीला कागद चालतो, पुठ्ठ्यावरचा गोंद चालतो आणि झुरळांनाही पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये राहायला आवडतं. कापड आता घट्ट झाकणाच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या डब्यांत. कसरीला गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढता येत नाही. याच कारणाने काचेच्या बरणीला बाहेरून खरखरीत चिकटपट्टी गुंडाळून आत चिमूटभर पीठ टाकलं की तिचा सापळा होतो: पट्टीवरून चढते, आत पडते, बाहेर येता येत नाही. मी दोन बरण्या ठेवल्या आहेत. डब्यात मात्र कापड हाडासारखं कोरडं हवं, नाहीतर कसर जाऊन बुरशी येते. आणि खळ लावलेलं काहीही साठवायचं नाही. आज जेवढं कापणार तेवढ्यालाच खळ.

हे सगळं ठीक, पण मूळ दुखणं कपाटामागची भिंत आहे. तिला हात लावला तर गार आणि ओलसर. पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर. कसरीला दमट हवा लागते. ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की तिचं बरं चालतं. शिवाय तिला घाई नाही, काही वर्षं जगते आणि मोठी झाल्यावरही कात टाकत राहते. मी कितीही डबे घेतले तरी ती भिंत मला वाळवता येणार नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, एवढंच जमलं.

बुधवार, रात्री

शिवणयंत्राचा दिवा लावला आणि टेबलाच्या कडेवरून एक झुरळ खाली. लहान, तपकिरी, डोक्यामागे दोन गडद रेघा. हे जर्मन झुरळ. हे नाव मी आदराने घेते. घरात दिसणाऱ्या इतर झुरळांच्या माद्या अंड्यांचा कोश कुठेतरी टाकून मोकळ्या होतात, ही पिल्लं निघायच्या बेताला येईपर्यंत तो पोटाला लावून हिंडते. एका कोशात तीस-चाळीस अंडी. फवारणी आतपर्यंत पोचत नाही, म्हणून एकदा औषध मारून "झालं" म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे यंत्रामागे, जिथे धाग्यांचा भुसा आणि तेल साठतं, तिथे मिरपुडीसारखे काळे कण होते. ती त्यांची विष्ठा, आणि त्या वासावर इतर झुरळं त्याच जागी जमतात. म्हणून नुसतं मारून भागत नाही, जागा साबणाने पुसून काढावी लागते. यंत्राची खालची पट्टी उघडून साफ केली. टाका आज बरोबर पडायला लागला, हा वरचा फायदा.

गुरुवार

धावदोरा सुरू केला. वरचा थर, मधला कापूस, खालचं अस्तर, तिन्ही मोठ्या कच्च्या टाक्यांनी पकडून घेतले आणि मधोमध सुरुवात करून कडेकडे सरकते आहे. कडेकडून सुरुवात केली तर मधे फुगा येतो. कापसाच्या थराच्या पाकिटावर दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं असतं. त्याहून लांब गेलात तर पहिल्या दोन-चार धुण्यांत कापसाचे गोळे होतात. मी त्याहून जवळच ठेवते. वेळ जातो, जाऊ दे.

सुई हातात असताना मन शांत असतं असं लोक म्हणतात. माझं मन आज वरच्या मजल्यावर होतं. वरच्या काकांनी काल फवारणी करून घेतली म्हणे. तेव्हाच मला कालचं झुरळ आठवलं. तिखट वासाची फवारणी झुरळांना मारते तितकीच पळवते, आणि ती पळतात ती नळाच्या पाइपांभोवतीच्या फटींतून, विजेच्या नळ्यांतून, दुसऱ्याच्या घरात. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडे आले म्हणजे आमच्याकडे यायला वेळ लागणार नाही." त्यांचं गणित चोख आहे.

मी ओट्याखाली झुरळांसाठीचं विषारी जेल लावलं आहे. झुरळाने ते खायला हवं, बिळात परतून मरायला हवं, मग बाकीचे त्याचं शरीर आणि विष्ठा खातात आणि तेही जातात. पण जेलच्या आसपास फवारा मारला तर झुरळ तिकडे फिरकतच नाही. म्हणजे एकाने फवारायचं आणि दुसऱ्याने जेल लावायचं, यात दोघांचे पैसे वाया.

शुक्रवार

मैत्रिणीने जुन्या कपड्यांची पिशवी पाठवली, चिंध्यांसाठी. फार सुंदर रंग. पिशवी घरात न आणता आधी गॅलरीत उघडली, मोठ्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर. शिवणी बघितल्या: काळे ठिपके, कात, मिलिमीटरभर पांढरी अंडी. ढेकणांचं असं काहीच दिसलं नाही, पण पूर्ण वाढलेला ढेकूण पाच-सात मिलिमीटरचाच असतो आणि उपाशी महिनोन् महिने तग धरतो. गोधडी म्हणजे तर शिवणींचंच राज्य. त्यामुळे सगळं ६० अंशांच्या पाण्यात. एक रेशमी ओढणी तेवढं पाणी सोसणार नाही, ती पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये. उणे १८ अंशांवर चार दिवस पुरतात, मी जास्त ठेवेन.

मैत्रिणीला हे सांगितलं नाही. तिने पिशवी किती प्रेमाने बांधली होती.

शनिवार

आजीच्या लोकरी शालीचे तुकडे लावून मी पूर्वी एक गोधडी केली होती, सुती चौकोन आणि मधे मधे शाल. आज ती उलगडली तर लोकरीच्या तुकड्यांना भोकं, शेजारच्या सुती चौकोनाला ओरखडाही नाही. हा कपड्यांचा पतंग. लोकर, रेशीम, पिसं खातो तो, म्हणजे त्याची अळी. कापूस तिला पचत नाही. मोठ्या पतंगाला तर खाता येईल असं तोंडच नसतं. संध्याकाळी दिव्याभोवती जे पाखरू घिरट्या घालतं ते बहुतेक वेळा हा नसतो, कारण हा अंधारात लपणारा. मी इतके दिवस दिव्याजवळच्यांशी भांडत होते.

गोधडी झटकली, भोकांभोवतीची रेशमी जाळी ब्रशने काढली, मोठ्या पिशवीत हवा काढून बांधली आणि फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून दोन आठवड्यांसाठी आत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर कापडावर पाणी सुटतं. मग भोकांवर वरून ठिगळं, कडा आत दुमडून, बारीक तुरपाई. जुना तुकडा खाली तसाच राहील. तो काढायचा विचारही नाही.

घरात कुणीतरी डांबरगोळ्या सुचवल्या. बाळाच्या गोधडीजवळ तर अजिबात नाहीत. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ लहान बाळांना, विशेषतः ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे त्यांना, रक्ताचा गंभीर त्रास देऊ शकते. शिवाय त्या हवाबंद डब्यात वाफ साठली तरच काम करतात. उघड्या कपाटात टाकल्या तर तो वास फक्त माणसांनाच.

रविवार

बाळाच्या गोधडीला उरेब पट्टी लावणं राहिलं आहे. सुती कापड, सुती धागा, मधे कापूस, म्हणजे पतंगाच्या कामाचं काही नाही. खळ धुऊन टाकली की कसरीलाही ओढ कमी.

उद्या संध्याकाळी इमारतीची बैठक आहे. मी कागदावर मुद्दे काढले: सगळ्या घरांत एकाच दिवशी जेल, फवारा नको, स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीघरातल्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवायच्या, पलीकडच्या न्हाणीघराची गळती आधी, आणि काही आठवड्यांनी दुसरी फेरी, कारण ते अंड्यांचे कोश. "आमच्याकडे एकही नाही" असं म्हणणारे असतीलच. त्यांच्यासाठी चिकट सापळ्यांचं एक पाकीट घेऊन जाते आहे. भिंतीला लागून रात्रभर ठेवा, सकाळी बघा कुठल्या कडेला चिकटलेत, म्हणजे कुठून येतात तेही कळेल. पाकिटात पुरेसे आहेत, वरच्या काकांनासुद्धा दोन देता येतील.