लोकलच्या रॅकवर राहिलेली मामाची पिशवी, आणि ती परत मिळवतानाचा माझा अनुभव

आमच्या मामाची पिशवी सकाळच्या गर्दीत हार्बर लोकलच्या रॅकवर राहिली आणि त्याच दिवशी ती परत पण मिळाली. कशी मिळाली ते सविस्तर लिहितेय, कारण त्या वेळी फोनवर शोधलं तर सगळीकडे नुसतं "आरपीएफशी संपर्क साधा" एवढंच दिसत होतं, पण नेमकं कोणाच्या दारात उभं राहायचं आणि तिथे काय बोलायचं हे काही कोणी लिहिलेलं नव्हतं.

मामा-मामी शृंगारतळीच्या पुढच्या गावातून येत होते. रात्री चिपळूणला तुतारी एक्सप्रेस पकडली, पहाटे पनवेलला उतरले, तिथे चहा घेतला, थोडं बसले आणि उजाडल्यावर सीएसएमटी लोकल पकडली. पनवेलला गाडी रिकामी मिळते म्हणून मामाने ऐटीत सगळं सामान वर चढवलं, पण बेलापूर येईपर्यंत डबा इतका भरतो की उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी करावी लागते, आणि हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला कितीही सांगा, त्याला वाटतं स्टेशन आलं की गाडी थांबेलच की. थांबते ना, पंधरा-वीस सेकंद! दोन बॅगा आणि तांदळाची गोणी उतरली, मामी उतरली, मामा तर लोकांनीच उतरवला आणि निळी पिशवी वरच राहिली.

मी प्लॅटफॉर्मवर घ्यायला गेलेच होते. "अगो बाय, निळी ऱ्हायली!" मामीने हे बोलेस्तोवर गाडीने वेग घेतला होता, मामा दहा पावलं गाडीच्या मागे धावला पण. नंतर घरी बरेच जण म्हणाले की आतल्या कोणाला तरी ओरडून साखळी ओढायला लावायची, पण एक तर ऐकणार कोण, आणि दुसरं म्हणजे विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली १००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. पिशवी हे कारण धरतात की नाही यावर कोण वाद घालत बसणार, तेही मागे गाड्यांची रांग असताना.

पिशवीत काय होतं तर सगळ्यात वर मामाची हॉस्पिटलची फाईल, जुने रिपोर्ट, एक्सरे, चालू असलेल्या गोळ्या. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांची वेळ होती, त्यासाठीच तर आले होते. फाईलच्या खाली मामीचा खजिना, म्हणजे सोडे, जवळा, आमसुलं, कुळथाचं पीठ, स्टीलच्या डब्यात खोबऱ्याच्या वड्या. त्या डब्याचं झाकण उघडू नये म्हणून मामाने तो तारेने घट्ट आवळलेला, आणि या सगळ्याच्या तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी विळी, गावच्या लोहाराकडून खास करून घेतलेली, कारण इथल्या विळ्यांना धार नसते हे मामीचं ठाम मत.

स्टेशनवर चौकशी केली तर पहिल्या टेबलावर आम्हाला ऐकवलं गेलं की तुम्ही इथे उतरलात, बॅग गाडीत आहे, गाडी पुढे गेली, मग इथे नोंद कसली करायची, शेवटच्या स्टेशनला जा. हद्दीचा हा खेळ बहुतेकांनी कुठे ना कुठे बघितलेला असतो. मी वाद न घालता रेल्वेच्या हेल्पलाईनचा १३९ लावला. पूर्वी सुरक्षेसाठी १८२ होता, तो २०२१ मध्ये बंद करून १३९ मध्येच घेतला, आणि त्यात सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी १ दाबायचा, बाकीचे पर्याय ऐकत बसायचं नाही. माणूस लागला, सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा नंबर मेसेजवर आला.

इथे एक गोष्ट सांगते कारण मलाही ती त्याच दिवशी नीट कळली. स्टेशनवर खाकीतले दोन वेगळे लोक असतात. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा बल, ते केंद्राचं, रेल्वेचं स्वतःचं. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, ते राज्य सरकारचे. चोरी, मारामारी, छेडछाड असल्या गुन्ह्याचा एफआयआर जीआरपीकडे. राहिलेलं सामान शोधणं, उतरवून घेणं, मालकाला परत देणं हे आरपीएफ करतं, त्यांच्या या कामाला ऑपरेशन अमानत असं नाव पण आहे. म्हणजे आमच्या केसमध्ये चोरी झालेलीच नव्हती, त्यामुळे पोलीस ठाण्याचा जिना चढायची गरजच नव्हती.

प्लॅटफॉर्मवर आरपीएफच्या एक ताई ड्युटीवर होत्या आणि खरं काम त्यांनी केलं. त्यांचा पहिला प्रश्न, डबा कितवा? मामा म्हणाला मधला. मामी म्हणाली, शेजारी बायकांचा डबा होता आणि त्यात दोघी भांडत होत्या. ताई हसल्या, म्हणाल्या तुम्ही उतरलात कुठे ती जागा दाखवा. सरकत्या जिन्याच्या जरा पुढे, पाण्याच्या नळासमोर, हे मात्र मामाला पक्कं आठवत होतं कारण गोणी तिथेच टेकवलेली. मग पुढची सीएसएमटी गाडी आली तशी ताईंनी आम्हाला तिथेच उभं केलं आणि नळासमोर कुठला डबा येतो ते मोजलं. पुढून पाचवा. हे मला स्वतःला आयुष्यात सुचलं नसतं. रॅक कुठल्या बाजूचा, खिडकीजवळ की दाराजवळ, पिशवीचा रंग, बंद चेनचे की नाडीचे, सगळं फोनवर पुढे कळवलं.

मग आत काय आहे ते विचारलं. मी फाईल सांगितली, गोळ्या सांगितल्या, खाऊ सांगितला, आणि विळीपाशी अडखळले. म्हटलं उगाच हत्यार वगैरे धरून बसले तर काय करा. पण मामी मागून, "विळी पण हाय म्हणून सांग गो, नवी कोरी हाय ती!" सांगितलं. तारेने बांधलेला डबा पण सांगितला. किती बरं झालं ते पुढे कळेल.

मधल्या कुठल्या स्टेशनवर चढून का शोधत नाहीत असं मला वाटत होतं, पण सकाळच्या त्या गाडीत पाचव्या डब्यात दारातून रॅकपर्यंत पोचायलाच तीन स्टेशनं लागतील. त्यामुळे शोध घ्यायचा तो गाडी रिकामी झाल्यावरच. आम्ही बाकावर बसून राहिलो, मामीला गोणी-बॅगांसकट रिक्षाने घरी पाठवलं. बऱ्याच वेळाने फोन आला, पाचवा डबा बघितला, काही नाही. मामाचा चेहरा उतरला. ताईंनी मात्र लगेच विचारलं, कुठून पाचवा मोजला? झालं होतं असं की शेवटच्या स्टेशनला लोकल काही वळत नाही, तीच गाडी उलटी निघते, पुढचं टोक मागचं होतं, आणि आमचा पुढून पाचवा आता मागून पाचवा झालेला. तोपर्यंत गाडी परत सुटली होती. आणि मी फोन बघतेय तर काय, १३९ वाल्यांचा मेसेज, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. घ्या!

पिशवी सापडली ती पोलिसांना नाही, प्रवाशांना सापडली. उलट्या गाडीत त्या रॅकखाली बसलेल्या कोणीतरी आजूबाजूला विचारलं, ही कोणाची, कोणीच हो म्हणेना, दोन-चार जण उठून लांब झाले आणि एकाने १३९ लावला. मधल्या एका स्टेशनवर गाडी जरा जास्त थांबवून ती उतरवून घेतली. बेवारस वस्तूला हात लावू नका ही अनाउन्समेंट आपण रोज ऐकतो आणि कान तिला सरावलेत, पण मुंबईचा माणूस रॅकवरच्या बिनमालकाच्या बॅगेला अजून घाबरतो आणि ते बरोबरच आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी वेस्टर्नला अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, प्रेशर कुकरमध्ये भरलेले. तेव्हा गावाहून मामा रात्रभर आमच्या घरी फोन लावत बसलेला आणि लाईन लागत नव्हती. तोच मामा आता फोनवर ऐकत होता की त्याच्या पिशवीसाठी कुत्रा बोलावलाय.

हो, कुत्रा. हातातलं मेटल डिटेक्टर पिशवीवरून फिरवलं की ते किंचाळायला लागलं, विळी, डबा आणि वर तार, दुसरं काय होणार. आसपासचे लोक बाजूला केले, श्वानपथक येईपर्यंत पिशवी खांबापाशी एकटी. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं की आमच्या तक्रारीत विळी आणि तारेचा डबा आधीच लिहिलेला होता म्हणून बरंच सोपं गेलं, नाहीतर प्रकरण आणखी लांबलं असतं. तेव्हा असं काही हरवलं तर आतलं सगळं सांगा, लाज वाटणारं पण आणि शंका येईल असं पण.

एक माझं मत मध्येच लिहून टाकते. आपल्या स्टेशनांच्या तोंडाशी त्या धातूच्या चौकटी उभ्या असतात, लाखो लोक त्यातून आणि तिच्या बाजूने जातात, ती बीप बीप करते आणि कोणी मान पण वर करत नाही. एवढ्या लोंढ्यात प्रत्येकाची बॅग उघडून बघायची म्हटलं तर ऑफिसला कोणी पोचणार नाही हे मान्य. पण म्हणजे आपली खरी तपासणी रॅकखाली बसलेला माणूसच करतो, तो मोबाईलमध्ये मान घालून बसला असता तर आमची पिशवी दिवसभर पनवेल-सीएसएमटी करत राहिली असती.

पिशवी समोर टेबलावर होती पण लगेच हातात नाही देत. आधी साहेबांनी मामाला विचारलं, आत काय काय आहे ते सांगा, न बघता. मामा शांतपणे म्हणाला, "ते मंडळींना माहीत." मग मी घरी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि मामीने सुरुवात केली, सोड्याचे किती पुडे, जवळा कुठल्या कंपनीच्या दुधाच्या पिशवीत बांधलाय, आमसुलांच्या बरणीला कुठल्या रंगाचं झाकण, पीठ कोणाला द्यायचंय, त्यातलं अर्धं कोणाकडे पोचवायचंय. साहेब लिहिता लिहिता थांबले, म्हणाले, "मावशी, एवढं बास, पटलं." शेजारचा कॉन्स्टेबल दापोलीकडचा निघाला, त्याने फक्त सोडे कसे दिले एवढंच विचारलं. शिवाय माझ्याकडे आदल्या रात्री मामीने पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप फोटो होता, "बघ काय काय आणतेय" म्हणून ओटीवर सामान मांडून काढलेला, तो पण दाखवला. आता मी घरातल्या सगळ्यांना निघायच्या आधी सामानाचा फोटो काढायला लावते.

कागदपत्रं फार नाहीत. मालकाने स्वतः लिहिलेला अर्ज, कुठून कुठे, कुठली गाडी, काय राहिलं, आधारची झेरॉक्स, आणि प्रवासाचं तिकीट. मामाचं चिपळूण-पनवेल आणि लोकलचं अशी दोन्ही तिकिटं शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेली होती, मोबाईलवर तिकीट काढणाऱ्यांनी ते लगेच डिलीट करू नये एवढंच. मग सामानाची यादी, त्यात "विळी १ (घरगुती)" अशी नोंद, रजिस्टरला सही, आणि पिशवी हातात घेऊन फोटो. पैसे एक रुपया पण लागला नाही, कोणी मागितला पण नाही. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला झेरॉक्सने. स्टेशनबाहेरच्या दुकानात लाईट नव्हती, दुसऱ्याकडे टोनर संपलेला, तिसरा जेवायला गेलेला, मामा उन्हात माझ्या मागून चालतोय आणि दर दुकानापाशी म्हणतोय, आमच्या तळीला बरी पटकन होते.

पिशवी जर चोरीला गेली असती तर मात्र जीआरपीकडेच जावं लागलं असतं. तिथेही कोणी हद्द दाखवली तर झिरो एफआयआर मागायचा, म्हणजे गुन्हा कुठेही घडला असला तरी आधी नोंद करून घ्यायची आणि मग संबंधित ठाण्याला पाठवायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हे स्पष्ट लिहिलंय आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. १७३ हा आकडा लक्षात ठेवा, तो नुसता तोंडातून निघाला तरी समोरचा पेन उचलतो असं आमच्या वकील भाचीचं म्हणणं.

हॉस्पिटलची वेळ अर्थातच गेली. फाईल घेऊन धावत गेलो तरी ओपीडीच्या खिडकीवर पाटी लागलेली, पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली, त्यामुळे मामा-मामीचा मुक्काम लांबला आणि मला आयते कुळथाचे पिठले खायला मिळाले. विळी खरोखरच चांगली आहे. फक्त सोड्याचा एक पुडा फुटून निम्मे सोडे पिशवीत सांडलेले निघाले, आणि त्याचं खापर मामी अजून त्या पोलिसांच्या कुत्र्यावर फोडतेय.