अकरा थरांची काच

आजचा सारा दिवस पाण्याच्या कुंडासमोर गेला. रुथेनियम धातूच्या अणूभोवती बायपिरिडीनचे रेणू बांधलेल्या संकुलाला एस्टरबंधाने अठरा कार्बनच्या दोन साखळ्या जोडल्या, की त्याचा प्रभारित गाभा पाण्याला धरून राहतो आणि साखळ्या हवेत उभ्या राहतात. क्लोरोफॉर्ममधले द्रावण थेंबाथेंबाने पृष्ठभागावर सोडून, द्रावक उडून गेल्यावर सरकपट्टीने रेणू हळूहळू एकत्र रेटले, की एका रेणूच्या जाडीचा थर मिळतो. तो काचेवर एकावर एक चढवण्याची रीत कॅथरिन ब्लॉजेट यांनी 1935 मध्ये मांडली, आणि आजही आम्ही जवळपास तेच करतो.

पृष्ठदाब, म्हणजे थरामुळे पाण्याच्या पृष्ठताणात होणारी घट, 30 मिलिन्यूटन प्रति मीटरवर धरून काच बुडवली. स्वच्छ काच जलस्नेही असल्यामुळे खाली जाताना तिच्यावर काही चढत नाही. पहिला थर वर येताना मिळतो, म्हणून बाहेर निघालेल्या काचेवरचे थर नेहमी विषम असतात. मी अकरावर थांबलो. पाण्यावरून कमी झालेले क्षेत्रफळ भागिले काचेचे क्षेत्रफळ, हे गुणोत्तर 0.98 आले; 1 म्हणजे पाण्यावरचा थर पूर्णपणे काचेवर गेला. एक, तीन, पाच असे करत मोजलेले प्रकाशशोषणही सरळ रेषेत वाढले होते. मी खूश होतो.

संध्याकाळी मात्र सकाळची एक नोंद पुन्हा नजरेस पडली. काच न बुडवता दाब अर्धा तास तसाच ठेवला होता, तेव्हा सरकपट्टी आपोआप पुढे सरकत राहून क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी घटले होते. म्हणजे रेणू पाण्यात उतरत होते. बहुधा जुन्या नमुन्यातला एस्टरबंध तुटून काही संकुलांची एक साखळी गळाली असावी. तसे असेल, तर माझ्या 0.98 मध्ये काचेवर गेलेले आणि पाण्यात विरघळलेले रेणू एकत्रच मोजले गेले आहेत. सरळ रेषेचाही आधार नाही, कारण प्रत्येक थर सारखाच अपुरा असला तरी रेषा सरळच येते.

याच जातीच्या थरांबाबत 1976 मध्ये, ते प्रकाशात पाण्याचे विघटन करतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. पुढच्याच वर्षी त्याच गटाने कळवले, की काटेकोरपणे शुद्ध केलेल्या संकुलांत ती क्रिया दिसत नाही. हा प्रसंग मी नवख्या विद्यार्थ्यांना हमखास सांगतो, आणि स्वतः मात्र सहा महिन्यांपूर्वीची कुपी न तपासता उघडली.

काचेच्या डबीवर थरांची संख्या लिहिलेली नाही, फक्त तारीख टाकली आहे. उद्या आधी घटक वेगळे करणाऱ्या स्तंभावर नमुना शुद्ध करायचा, मग काच न बुडवता तासभर सरकपट्टीकडे पाहत बसायचे.