केडगावच्या माउलीची नम्रता

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. हा अध्याय वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात.

कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवा आपल्याबरोबर आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावात त्यांना आसरा दिला. विद्वत्तेचा एवढा मान मिळालेल्या बाईंना त्या लेकींच्या धान्याची, पाण्याची, औषधाची चिंता वाहण्यात कधी कमीपणा वाटला नाही. पुढे अंध मुलींनाही तेथे वाचायला शिकवले जाऊ लागले, आणि त्या कामात त्यांची कन्या मनोरमाबाई यांचा मोठा वाटा होता.

मला सर्वांत अधिक भावते ते त्यांचे बायबलचे भाषांतर. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असूनही त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा साध्या मराठीत ते केले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्ती मिशनमधील, म्हणजे केडगावच्या याच आश्रमातील स्त्रियांनीच केले. स्वतःचे पांडित्य वाचणारीसाठी असे बाजूला ठेवणे मला मोठ्या दानाहूनही कठीण वाटते, कारण त्यात स्तुतीची अपेक्षाच उरत नाही. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. त्या दुःखातही रमाबाईंनी हे काम सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला.